मॅन्युअल लिहायला प्रोग्रामिंग लागत नाही

‘ओपन सोर्सचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं, मॅन्युअल प्रोग्रामरच लिहितात, आपल्याला काय जमणार?’ हे सांगलीत मी वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चुकीचं आहे. २०१० साली सुरू झालेल्या लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक पुस्तिका जगभरातले स्वयंसेवक लिहितात, त्याही त्याच्याच रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये. एकानं लिहिलेलं प्रकरण दुसरा तपासतो.

या पुस्तिकांवर काम करणाऱ्या आमच्या गटात मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या एक ताई आहेत. कोडची एक ओळ त्यांना येत नाही. पण कॅल्क या लिबरऑफिसच्या हिशेब-तक्त्यांच्या प्रोग्रामवरच्या प्रकरणातली एकेक पायरी करून बघताना माउस थांबवून त्या म्हणाल्या, ‘हे बटण हितं नाहीच की!’ मेनू बदलला होता, मजकूर जुनाच राहिला होता. वाट पाठ असणाऱ्या प्रोग्रामरच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. ताईंनी त्याच संध्याकाळी ती ओळ सुधारून तपासणीला पाठवली.