जुन्या रॉ फाइल्स नव्या सॉफ्टवेअरमधे उघडताना : ग्राहकांसाठी माहिती

जुनी हार्डडिस्क किंवा सीड्यांचा गठ्ठा घेऊन आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो की एवढ्या जुन्या रॉ फाइल्स (म्हणजे सेन्सरने नोंदवलेला, जेपीजी न बनवलेला मूळ डेटा) आता उघडतील का. बहुतेक वेळा उत्तर हो असंच असतं. पण तेव्हा केलेलं एडिटिंग तसंच्या तसं दिसेल का हे सहसा कोणी विचारत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते, म्हणून काम देण्याआधी हे पत्रक एकदा नीट वाचून घ्या.

उघडतील का?

सॉफ्टवेअर रॉ फाइल ओळखतं ते कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून, नुसत्या एक्स्टेन्शनवरून नाही. १९९९ चा निकॉन डी१ आणि २०२१ चा झेड९, दोघांच्याही फाइलला एनईएफच म्हणतात पण आतली रचना खूप वेगळी आहे. कॅननचं तर एक्स्टेन्शनच बदलत गेलं, आधी सीआरडब्ल्यू, मग सीआर२, आणि २०१८ पासून सीआर३. चांगली गोष्ट ही की एखाद्या मॉडेलचा सपोर्ट एकदा आला की तो सहसा काढून टाकत नाहीत, त्यामुळे जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमधे उघडणं हे नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमधे उघडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. यात डेव्ह कॉफिन या माणसाचे उपकार फार मोठे आहेत, त्यांनी १९९७ पासून डीसीरॉ नावाचा फुकट प्रोग्राम लिहिला आणि कंपन्या आपल्या फॉरमॅटची माहिती देत नसताना एकेका कॅमेऱ्याची फाइल उलगडून दाखवली. आजचं लिबरॉ त्यातूनच आलंय, आणि कित्येक सॉफ्टवेअर रॉ वाचायला तेच वापरतात.

टिफ नावाच्या रॉ फाइल्स, इथे जपून

हे मात्र लक्ष देऊन वाचा. कॅननचे २००१ चा वनडी आणि २००२ चा वनडीएस, तसंच कोडॅकचे काही जुने डीसीएस कॅमेरे रॉ फाइललाच टिफ असं एक्स्टेन्शन द्यायचे. साध्या फोटो व्ह्यूअरला ती नेहमीची टिफ वाटते, तो आतला छोटा थंबनेल उघडून दाखवतो, आपल्याला वाटतं फोटो एवढासाच आहे, आणि मग कोणीतरी जरा ब्राइट करून सेव्ह दाबतं की संपलं, मूळ डेटाच्या जागी तो थंबनेल जाऊन बसतो आणि खरा फोटो कायमचा गेला. तुमच्याकडे अशा काळातल्या टिफ असतील आणि फोटो लहान उघडत असेल पण फाइल साइझ काही एमबी असेल तर काहीही सेव्ह करू नका, फाइल आहे तशी आमच्याकडे द्या. सीआरडब्ल्यूच्या शेजारी त्याच नावाची टीएचएम फाइल (छोटा प्रिव्ह्यू आणि फोटोची माहिती ठेवणारी) दिसली तर तीही कचरा समजून डिलीट करू नका.

उघडल्यावर रंग का बदलतो

फोल्डरमधे फोटो छान दिसतो, एडिटरमधे उघडला की क्षणभर तसाच राहतो आणि मग एकदम फिका किंवा वेगळा होतो. फाइल खराब झाली म्हणून लोक घाबरतात. तसं काही नसतं. जवळजवळ प्रत्येक रॉमधे कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपीजी प्रिव्ह्यू असतो, आधी दिसतो तो हाच. नंतर सॉफ्टवेअर सेन्सरचा मूळ डेटा घेऊन स्वतःच्या पद्धतीने रंग तयार करतं, आणि कॅमेऱ्यात लावलेली पिक्चर स्टाइल (रंगांची सेटिंग) त्याला सहसा कळत नाही. तुम्हाला कॅमेऱ्यासारखाच लुक हवा असेल तर बऱ्याच मॉडेल्ससाठी त्याच्याशी जुळणारी प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ती तयार सेटिंग) मिळते, ती लावली की फरक खूप कमी होतो. ते आधीच सांगा, नाहीतर आम्ही न्यूट्रल प्रोफाइलवर काम सुरू करतो.

तुमचं जुनं एडिटिंग कुठे असतं

फोटोत नसतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमधे केलेले बदल कॅटलॉगमधे (सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत) किंवा फोटोच्या शेजारी त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमधे लिहिलेले असतात, रॉला हात लागत नाही. म्हणजे नुसत्या रॉ फाइल्स नव्या डिस्कवर कॉपी केल्या आणि कॅटलॉग जुन्या कॉम्प्युटरवरच राहिला तर फोटो सगळे असतील पण मेहनत गेलेली असेल. रॉचं नाव बाहेरून बदललं आणि एक्सएमपीचं तेच राहिलं तरी दोघांची ताटातूट होते.

एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले बदल दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जवळजवळ कधीच पूर्ण वाचत नाही. रेटिंग, कीवर्ड येतात, क्रॉप कधी येतो कधी नाही, रंगांचं काम येत नाही. अॅपलचं अॅपर्चर वापरणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोगावं लागलं, २०१४ मधे त्याचं काम थांबलं आणि मोजावे या मॅकओएस व्हर्जनच्या पुढे ते चालतच नाही. तुमचा असा जुना मॅक अजून सुरू होत असेल तर तो विकायच्या आधी, आवडलेले एडिट केलेले फोटो १६ बिट टिफमधे एक्स्पोर्ट करून घ्या, मूळ रॉ वेगळ्या ठेवा. आम्हाला विचाराल तर हे काम आजच करा.

लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, प्रोसेस व्हर्जन, म्हणजे स्लायडरचे आकडे फोटोवर कसे लावायचे ती पद्धत. २००३, २०१० आणि २०१२ अशा पद्धती आल्या, नंतर नुसते नंबर आले. जुना फोटो नव्या लाइटरूममधे उघडला तरी तो आपल्या जुन्याच व्हर्जनवर राहतो, त्यामुळे दिसायला तसाच असतो, फक्त स्लायडर जुने दिसतात, रिकव्हरी आणि फिल लाइट वगैरे. अपडेट करू का असं विचारलं की लोक सगळ्या फोटोंना एकदम हो म्हणतात आणि मग कॉन्ट्रास्ट, सावल्या, हायलाइट सगळं हलतं, कारण २०१२ मधे हे स्लायडरच नव्याने बांधले होते आणि जुने आकडे त्यात अंदाजाने बसवले जातात. एका फोटोची व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइल तीच ठेवून लाइटरूममधे बनणारी दुसरी आवृत्ती) करा, तिच्यावर अपडेट करून शेजारी शेजारी बघा, पटलं तरच पुढे जा. ज्याची प्रिंट आधीच भिंतीवर लागलीय आणि पुन्हा तशीच हवी आहे तो फोटो आम्ही अपडेट करत नाही, तुम्ही सांगितलं तरच.

मग नवं सॉफ्टवेअर कशाला?

कारण डेटा तोच असला तरी तो वाचायची पद्धत खूप सुधारलीय. १२ बिटच्या जुन्या रॉमधे सुद्धा प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या असतात, जेपीजीत फक्त २५६. तेव्हा जास्त आयएसओवर काढलेले, दाणेदार म्हणून बाजूला टाकलेले फोटो आजच्या एआय डीनॉइझमधून (दाणे घालवणाऱ्या टूलमधून) काढले तर कितीतरी स्वच्छ निघतात, केसांचे आणि कपड्यांचे बारकावेही टिकतात. जळून पूर्ण पांढरा झालेला भाग मात्र परत येत नाही, तिथे सेन्सरने काही नोंदवलेलंच नसतं आणि आम्ही ते रंगवून खोटं भरत नाही.

रॉ फाइल डीएनजी या फॉरमॅटमधे बदलून ठेवू का हे बरेच जण विचारतात. अडोबीने २००४ मधे आणलेला हा फॉरमॅट उघडा आहे, कन्व्हर्टर फुकट आहे, आणि खूप सॉफ्टवेअर तो वाचतं. करा, पण लॉसी (डेटा कमी करणारा) ऑप्शन बंद ठेवून, आणि मूळ फाइल न टाकता. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अशी कन्व्हर्ट केलेली डीएनजी सहसा उघडत नाही, मूळ टाकून दिली की तो रस्ता बंद.

फोटोचा खालचा अर्धा भाग गुलाबी किंवा पट्ट्यापट्ट्यांचा दिसत असेल तर फाइल कॉपी होताना किंवा डिस्कवर बिघडलीय, सॉफ्टवेअर बदलून ती सुधारत नाही. आधी दुसरी कॉपी शोधा, जुनी सीडी, जुनं कार्ड, पेनड्राइव्ह, काहीही. नाहीच मिळाली तर आतला जेपीजी प्रिव्ह्यू बऱ्याचदा शाबूत असतो, तो आम्ही काढून देतो. काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण साइझचा असतो, काहींत लहान.

काम देताना अख्खं फोल्डर जसं आहे तसं द्या, एक्सएमपी, टीएचएम, लाइटरूमचा कॅटलॉग, सगळ्यासकट, आणि शक्य असेल तर तेव्हाची एखादी जेपीजी किंवा प्रिंटही द्या म्हणजे रंग कशाशी जुळवायचे ते आम्हाला कळेल. आम्ही आधी पूर्ण कॉपी करतो आणि कॉपीवरच काम करतो. परत देताना मूळ फोल्डर आणि नवं काम अशी दोन वेगळी फोल्डर मिळतील, दोन्ही उघडून बघा, आणि खात्री झाल्याशिवाय तुमची जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.