शाश्वत ग्रामीण पर्यटन (विदर्भ)

नागपूर, अमरावती किंवा चंद्रपुरातल्या कुटुंबांनी शनिवार-रविवारी जवळच्या खेड्यात, शेतावर किंवा जंगलाकाठच्या वस्तीत मुक्कामाला जाणे आणि तेथील पाणी, वीज व अन्न यांच्या बेतात राहणे, याला शाश्वत ग्रामीण पर्यटन म्हणतात. यातला ‘बेतात’ हा शब्द महत्त्वाचा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पोहण्याचा तलाव बांधला, तर त्या मुक्कामाला कितीही हिरवे नाव दिले तरी भार गावाच्या विहिरीवरच पडतो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. मात्र शेतावर पाहुणे बोलावण्याची विदर्भातली रीत त्याहून फार जुनी आहे.

ही रीत म्हणजे पानगे. थंडीत शेतातल्या झाडाखाली गोवऱ्यांचा जाळ करतात. गव्हाच्या जाडसर पिठात मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून ते घट्ट मळतात. त्याची जाड चकती दोन पळसपानांमध्ये दाबून निखाऱ्यावर ठेवतात. पान करपते, त्याचा वास पानग्याला लागतो आणि शिरांची नक्षीही उमटते. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. जेवण पत्रावळीवर, म्हणजे तीही पळसाचीच. ती उकिरड्यावर गेली की पुढे शेताचे खत होते. शहरातून थर्माकोलच्या ताटल्या सोबत नेणाऱ्यांनी ही पंगत एकदा बघावी.

विदर्भात पर्यटन म्हटले की वाघ आणि सफारीची जिप्सी गाडी एवढेच डोळ्यांपुढे येते. पेंच व्याघ्र प्रकल्पाने त्यापलीकडची वाट दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या महाराष्ट्रातील भागाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार कृत्रिम उजेडापासून जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा परिसरात शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड फक्त जमिनीवर पडेल असे दिवे बसवले. येथे अमावास्येच्या आसपासची रात्र गाठावी. अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाइल खिशातच ठेवावा. मग कृत्तिका या तारकापुंजाचा धूसर ठिपका हळूहळू सुटा होतो आणि एकेक चांदणी मोजता येते. नागपुरात वाढलेल्या मुलाने हे आकाश बहुधा पाहिलेलेच नसते.

नागपूरहून सुमारे ७५ किमीवरच्या सेवाग्रामला रेल्वेने जाता येते. १९३६ मध्ये गांधीजी येथे राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू व कवेलू (कौले) यांतून उभी राहिलेली बापू कुटी भर उन्हाळ्यातही कशी निवते, हे ओसरीवर बसल्यावर कळते. कमी वस्तूंत जगणे म्हणजे काय, हे तिच्याइतके स्पष्ट सांगणारी दुसरी जागा मला विदर्भात दिसत नाही.

पूर्वेकडे भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले मामा तलाव आहेत. त्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. गोंदियाच्या धानबांध्यांत सारस घरटी करतात. ती दुरूनच पाहावीत.

दिवाळी ते होळी हा मुक्कामाचा योग्य काळ. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र बंद असते. होळीच्या सुमारास मोहफुले गळू लागतात आणि जंगलाकाठची गावे पहाटेच टोपल्या घेऊन झाडांखाली पोहोचतात. या दिवसांत पाहुण्यांनी त्या वाटांवर गाडी नेऊ नये आणि फुले वेचायला हात लावायचा तर घरधन्याला विचारूनच.