सेल्फ फिरतो, पण ठिणगी पडत नाही: जुन्या गाडीतला दोष शोधताना

सेल्फ जोमात फिरतो, पेट्रोलचा वासही येतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. अशा वेळी आधी प्लग, मग कॉइल, मग पॉइंट असे एकेक भाग बदलत जाणं ही सगळ्यात महागडी पद्धत. पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसलेल्या जुन्या गाडीत तिची गरजही नसते. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढ्यावर दोष हमखास सापडतो.

आधी ही ठिणगी तयार कशी होते ते पाहू. किल्ली फिरवली की करंट कॉइलच्या प्राथमिक वेढ्यातून आणि मिटलेल्या पॉइंटमधून (डिस्ट्रिब्युटरमधला उघडमीट करणारा स्विच) बॉडीला, म्हणजे अर्थला जातो. हा साधारण ३ ते ४ अँपिअरचा प्रवाह कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार करतो. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्याने पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुय्यम वेढ्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब उसळतो. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना, मिटताना नव्हे. म्हणून दोषही तीनच जागी असू शकतो: प्रवाह सुरूच होत नाही, तो झटकन तुटत नाही, किंवा तयार झालेला दाब प्लगऐवजी भलतीकडे गळतो.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. त्याखाली गेली तर इंजिन फिरूनही ठिणगी मरतुकडी पडते.

आता डिस्ट्रिब्युटरच्या (कॉइलचा दाब आळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातली मधली, कॉइलकडून येणारी वायर काढा आणि तिचं टोक इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या स्वच्छ धातूपासून सुमारे ६ मिमीवर धरा. जागा कार्ब्युरेटरपासून लांबची असू द्या. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. कडकडीत निळी ठिणगी पडली तर कॉइल आणि पॉइंट ठीक आहेत, दोष पुढे आहे. वायर याहून लांब धरून सेल्फ मारू नका. दाबाला वाट मिळाली नाही तर कॉइलचं इन्सुलेशन आतून फुटू शकतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गाडी असेल तर वायर हातात धरूच नका, चिमट्याचा स्पार्क टेस्टर वापरा.

ठिणगी पडली नाही, तर खरी तपासणी कॉइलच्या त्या टोकावर होते जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. लॅम्पची क्लिप बॉडीला, सुई या टोकाला लावा आणि सेल्फ मारा. पॉइंट उघडे असताना लॅम्प पेटतो, मिटले की विझतो. म्हणून इथे तो लुकलुकायला हवा.

लॅम्प सतत पेटलेलाच राहिला, तर प्रवाह पॉइंटमधून अर्थला पोहोचत नाही. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत बहुतेकदा पॉइंटच्या तोंडावर चढलेला थर कारण असतो. पॉइंटची बारीक कानस फिरवा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेला स्वच्छ कागद मधून ओढा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण तिथेच रुततात. नव्या पॉइंटवरही तेलाचा संरक्षक थर असतो, तोही पुसायला हवा. टोपण काढून रोटर (टोपणाखालचा फिरता भाग, जो दाब एकेका प्लगकडे पोहोचवतो) फिरतोय का तेही बघा. फिरत नसेल तर टायमिंगची साखळी, पट्टा किंवा डिस्ट्रिब्युटरचा गिअर तुटलाय. डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वायर फार फसवी असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्सबरोबर (इंजिनच्या शोषणाने ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी यंत्रणा) ती सतत वाकते आणि बाहेरून धड दिसत असतानाच आतली तार तुटते. हलकेच ओढून पाहिली की तिचं आवरण रबरासारखं ताणलं जातं.

लॅम्प पेटलाच नाही, तर सुई कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावा. तिथेही अंधार असेल तर दोष किल्लीचा स्विच, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट मर्यादित ठेवणारा रोध) किंवा मधल्या वायरीत. (बॅलास्ट असलेल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना तिथला उजेड मंद असणं बरोबरच आहे.) सेल्फ मारताना इंजिन पेट घेतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, तेव्हा बहुधा बॅलास्टच गेलेला असतो, कारण बऱ्याच गाड्यांत सेल्फच्या वेळी करंट त्याला वळसा घालून येतो. दुसऱ्या टोकाला उजेड असेल तर डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलवरून सोडवा. आता पहिल्या टोकाला लॅम्प पेटला, तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर (पॉइंटला समांतर जोडलेला, त्यांच्यातली ठिणगी दाबणारा भाग) शॉर्ट आहे किंवा पॉइंटच्या स्प्रिंगजवळचा इन्सुलेटिंग वॉशर चुकीचा बसलाय. टॅकोमीटरची (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) वायर याच टोकाला असते. ती कुठे घासून बॉडीला टेकली तरी ठिणगी जाते, म्हणून तीही काढून पाहा. तरीही अंधारच राहिला, तर कॉइलचा प्राथमिक वेढा तुटलाय.

पॉइंटची फट चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ०.३५ ते ०.५ मिमी असते. ती पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या उंचवट्यावर असतानाच मोजायची.

लॅम्प लुकलुकतोय पण कॉइलमधून ठिणगी नाही किंवा पिवळट, क्षीण आहे, तर संशय कंडेन्सर, कॉइल किंवा मधल्या वायरीवर. कंडेन्सर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा असतो. तो आतून तुटला की पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडते आणि प्रवाह झटकन तुटत नाही. चांगला कंडेन्सर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकापासून बॉडीला तात्पुरता जोडला की लगेच उलगडा होतो. कॉइलचा प्राथमिक रोध बॅलास्ट नसलेल्या गाडीत सुमारे ३ ओहम, बॅलास्ट असलेल्या गाडीत (फक्त कॉइलचा) सुमारे १.५, दुय्यम साधारण ५ ते १२ हजार ओहम.

कॉइलची ठिणगी दणदणीत, पण प्लगला काहीच नाही? टोपणातला मधला कार्बन, बारीक तडा, ओलावा आणि दाब गळल्याच्या काळ्या रेघा तपासा. रोटरसाठी टोपण काढून मधल्या वायरीचं टोक रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरा आणि सेल्फ मारा. ठिणग्या पट्टीवर सतत पडत राहिल्या, तर रोटर आतून फुटलाय आणि दाब शाफ्टमध्ये उतरतोय. डोळ्यांना तो अगदी नवा दिसू शकतो.

तपासणी चालू नसेल तेव्हा किल्ली बंद ठेवा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापत जाते. आणि गाडी थंड असताना नीट चालून तापल्यावरच बंद पडत असेल, तर कॉइलची मोजणी गरम असतानाच करा, कारण थंड कॉइलमध्ये तुटका वेढा पुन्हा टेकतो आणि आकडे बिनचूक येतात.