कर्नल, कंपायलर आणि अविश्वासाचा इतिहास

लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेकफाइल (ते कसे बांधायचे हे सांगणारी फाइल) उघडली की 'एफ-नो' ने सुरू होणारे कंपायलरचे (लिहिलेल्या कोडचा यंत्रकोड करणाऱ्या प्रोग्रामचे) पर्याय ओळीने दिसतात. अमुक करू नकोस, तमुक गृहीत धरू नकोस. यातल्या बऱ्याच नकारांमागे कुणाच्या तरी कोसळलेल्या मशीनची कहाणी आहे.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात केली तेव्हा हाताशी जीसीसी १.४० हा कंपायलर होता. कर्नल पहिल्यापासूनच शुद्ध सी भाषेत नव्हते. त्यात इनलाइन असेम्ब्ली (सी कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचना) होती, फक्त जीसीसीलाच कळणाऱ्या सोयी होत्या. म्हणजे कंपायलर बदलण्याची वाट बंद. मग नीट चालणारी आवृत्ती सापडली की तिलाच धरून बसायचे, हा शिरस्ता पडला. २००० साली रेड हॅट लिनक्स ७.० या वितरणात (लिनक्सच्या तयार संचात) जीसीसीची '२.९६' ही विकासाधीन आवृत्ती आली. कर्नल बांधण्यासाठी त्यासोबत 'केजीसीसी' नावाने वेगळा, जुना कंपायलर द्यावा लागला.

त्या काळाचा वैताग कोडमध्येच उमटला आहे. एकच प्रोसेसर असेल तर स्पिनलॉकचे (एका वेळी एकालाच माहिती हाताळू देणाऱ्या कुलपाचे) स्ट्रक्चर रिकामे असायला हरकत नव्हती, पण जुन्या जीसीसीला रिकामे इनिशियलायझर (सुरुवातीची मूल्ये देणाऱ्या याद्या) झेपत नसत. म्हणून त्यात एक निरुपयोगी इंटीजर घातला गेला आणि त्याचे नाव ठेवले 'जीसीसी_इज_बगी'. अर्थात दोष दरवेळी कंपायलरचाच नसे. कर्नल बांधताना जीसीसी सिग्नल ११ ने (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याच्या त्रुटीने) मेला की बऱ्याचदा खराब रॅम निघायची.

यापेक्षा अवघड भांडण हद्दीचे होते: बग कुणाचा? २००९ मध्ये टन ड्रायव्हरमध्ये (आभासी नेटवर्क कार्ड पुरवणाऱ्या भागात) एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे शून्य, आहे का, हे त्यानंतर तपासले होते. जीसीसीने तर्क केला की पॉइंटर वापरला त्याअर्थी तो नल नाही, आणि ती तपासणीच काढून टाकली. भाषेच्या नियमाने यात काहीच चूक नव्हती. पण शून्य पत्त्यावर मेमरी मॅप करू शकणाऱ्या हल्लेखोराला कर्नलचे दार उघडे मिळाले. कोड दुरुस्त झालाच, शिवाय नल-तपासण्या काढू नकोस असे कंपायलरला कायमचे बजावले गेले. त्याच वर्षी पूर्णांकाच्या ओव्हरफ्लोबद्दल (मूल्य मर्यादेबाहेर जाण्याबद्दल) असाच बंदोबस्त म्हणून 'एफ-रॅपव्ही' हा पर्याय घातला, तर जीसीसी ४.१ च्या मालिकेत तो पर्यायच सदोष निघाला. काही महिन्यांत तो काढून दुसरा घ्यावा लागला.

२०१४ चा बग मात्र निखालस कंपायलरचा. जीसीसी ४.९.० ने शेड्यूलरच्या (कोणते काम कधी चालवायचे हे ठरवणाऱ्या भागाच्या) 'लोड_बॅलन्स' फंक्शनमध्ये स्टॅकवर (फंक्शनची तात्पुरती मूल्ये ठेवायच्या मेमरीत) जागा राखून ठेवण्याआधीच तिथे मूल्य लिहिले. त्या दोन सूचनांच्या मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) आला की लिहिलेले पुसले जाणार. टोरवाल्ड्स यांनी असेम्ब्ली वाचून हे पकडले आणि जीसीसीचा जाहीर उद्धार केला. गंमत अशी की मूळ डीबग माहितीच्या हिशेबात होते: डीबगिंगसाठी चलांचा माग ठेवताना प्रत्यक्ष यंत्रकोडच बदलत होता. तो माग बंद करणारा पर्याय मेकफाइलमध्ये गेला.

माझ्या मते सगळ्यात बोधक प्रकरण २०२१ चे आहे. कर्नल विकसक रसेल किंग यांच्या आर्म-६४ (६४-बिट आर्म प्रोसेसरच्या) मशीनवर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम अधूनमधून आयनोडचा (फाइलच्या नोंदीचा) चेकसम (पडताळणीचा आकडा) चुकल्याची तक्रार करत होती. संशय आधी डिस्कवर, फाइल सिस्टिमवर जाणार हे उघड होते. निघाले काय, तर जीसीसी ४.९ फंक्शनच्या शेवटी स्टॅक पॉइंटर (स्टॅकची हद्द दाखवणारा पत्ता) आधी वर सरकवत होता आणि सोडलेल्या जागेतले मूल्य नंतर वाचत होता. नेमक्या त्या फटीत इंटरप्ट आला तरच मूल्य बिघडायचे, म्हणून चूक हाती लागत नव्हती. जीसीसीत हा दोष कधीच नोंदला गेला होता आणि ५.१ मध्ये दुरुस्तही झाला होता.

इथे पळवाट काढण्याऐवजी आर्म-६४ साठी ५.१ पेक्षा जुना जीसीसी सरळ नाकारला गेला. त्याच वर्षी कर्नल ५.१५ पासून सर्वच आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसर-प्रकारांसाठी) ही किमान मर्यादा झाली. एरवी किमान आवृत्ती वाढवायला कर्नलवाले नाखूश असतात, कारण वितरणांमध्ये आलेला कंपायलर लोक वर्षानुवर्षे वापरतात. २०१८ पर्यंत ती मर्यादा जीसीसी ३.२ वरच होती.

पळवाटा तरीही संपल्या नाहीत. 'असेम गोटो' या (असेम्ब्लीतून सी कोडमधल्या दुसऱ्या ठिकाणी उडी मारणाऱ्या) रचनेतल्या बगसाठी २०१३ मध्ये तिच्यामागे एक रिकामे असेम्ब्ली विधान जोडले होते. २०२४ मध्ये आउटपुट असलेल्या 'असेम गोटो'त नवा बग सापडला आणि उपाय म्हणून तसेच रिकामे विधान कामी आले. फरक इतकाच की आता ते सरसकट लागत नाही. जीसीसी ११.५, १२.४, १३.३ आणि १४ मध्ये दुरुस्ती आहे हे कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदलेले आहे आणि त्याआधीच्या सदोष आवृत्त्यांपुरतीच ती पळवाट सुरू होते.