प्रश्न विचारा आणि गप्प बसा

चार दिवसांचं प्रशिक्षण झालं की शिक्षकांचं शिकवणं सुधारतं, असं आपण धरून चालतो. सुधारते ती बहुधा टिपणवही.

१९७० च्या आसपास मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. म्हणजे असं: ‘पान हिरवं का दिसतं? हं, कोण सांगतं? हरित... हरितद्रव्य!’ झालं, उत्तरही बाईंचंच. तेच तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. मला त्याहून आवडते ती दुसरी शांतता, उत्तर आल्यानंतरची. ‘शाब्बास’ घाईनं म्हटलं नाही, तर मूल आपणहून ‘कारण...’ म्हणत पुढे जातं.

हे समजायला पाच मिनिटं पुरतात. अंगवळणी पडत नाही, कारण आपल्या कार्यस्मृतीत, म्हणजे काम करताना मनात धरून ठेवायच्या जागेत, एका वेळी चारेकच गोष्टी मावतात. धडा, घड्याळ, खिडकीपाशी चाललेली कुजबुज यांतच ती भरते आणि बाकीचं काम सवय उरकते. सवय संकेताला चिकटलेली असते. प्रश्न संपला हा संकेत, लगेच बोलणं ही कृती. वर्षानुवर्षं घोटलेल्या अशा जोड्या मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाच्या आधारानं चालतात. तिथवर व्याख्यान पोचत नाही. त्याच संकेतावर नवी कृती पुन्हापुन्हा घडावी लागते. म्हणून चांगला मार्गदर्शक वर्गात मागे बसून एकच गोष्ट मोजतो: प्रश्नानंतरची शांतता. मग दोघं ध्वनिमुद्रण ऐकतात आणि रिकाम्या वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारून बघतात.

उलट, कितीतरी प्रशिक्षणांत मुलांचे ‘दृश्य’ (पाहून शिकणारी), ‘श्राव्य’ (ऐकून शिकणारी) असे प्रकार पाडायला शिकवतात. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचा पुरावा धुंडाळला. प्रकार पाहून शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा आधार मिळाला नाही. राशी बघून बाकं लावावीत, तशातला प्रकार.

वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाचीही जादू नाही. २०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी अशा मार्गदर्शनावरच्या ६० अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. शिकवण्याच्या दर्जात सुमारे ०.४९ प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं हे माप) सुधारणा दिसली, मुलांच्या गुणांत ०.१८ ची. शिवाय कार्यक्रम मोठा असला की परिणाम लहान दिसत होता.