डकोटा, मे महिना आणि नागपूरची डाक

सोलापूरच्या होटगी रोडच्या धावपट्टीवर डकोटा हे जुनं विमान उभं करून थ्रॉटल पुढं ढकलला तेव्हा बाहेर खरोखरचा मे महिना होता, खोलीत कूलर घरघरत होता आणि कंप्युटरवरच्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये मी तापमान हातानं ४२ टाकलं होतं, म्हटलं जे आपण भोगतोय ते त्यानंही भोगावं. विमान पूर्ण भरलेलं. शेपूट उचललं, पळतंय, पळतंय, जमीन सोडायचं नाव नाही, उठलं तेही कुरकुरत. डिसेंबरात हेच विमान, हीच धावपट्टी, हेच वजन, आणि लई लवकर उचललं होतं. मग हौस म्हणून वर गेल्यावर डावं इंजिन बंद करून बघितलं, तर वर जाईना की काही नाही, होटगी तलावावर नुसतं लोंबकळत राहिलं.

आता यात कंप्युटरचा काही दोष नव्हता, दोष हवेचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० फूट उंच आहे, आणि विमानवाल्यांच्या ठरलेल्या कोष्टकात एवढ्या उंचीवर हवा १२ डिग्री असायला पाहिजे. आपल्याकडं ४२. म्हणजे ३० डिग्री जास्त. गरम हवा फुगते, पातळ होते, आणि ढोबळ हिशोब असा की जास्तीच्या दर डिग्रीमागं विमानाला आपण १२० फूट आणखी वर आहोत असं वाटतं. ३० गुणिले १२० म्हणजे ३६००, अधिक आपले १५००, झाले ५१०० फूट. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. थोडक्यात मेच्या दुपारी होटगी रोडवर उभं असलेलं विमान कोष्टकाच्या हिशोबानं महाबळेश्वरच्याही वर आणि कळसूबाईच्या थोडं खाली उभं असतं, फक्त थंडावा तेवढा मिळत नाही. समुद्रसपाटीच्या मानानं हवा १३ टक्क्यांनी विरळ, त्यामुळं पंखांना उचल कमी, प्रॉपेलरला चावायला हवा कमी आणि इंजिनाला जाळायलाही कमी.

ही गोष्ट मी शाळेत कधीतरी वाचली असणार, पण अंगात भिनली ती त्या दिवशी.

डकोटा म्हणजे मुळात डीसी-३. पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५, राइट बंधूंच्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षं झाली त्या दिवशी. प्रवासी २१ च्या आसपास. युद्धात याचीच लष्करी आवृत्ती हजारोंनी निघाली, इंग्रजांनी तिला डकोटा नाव दिलं, आणि युद्ध संपल्यावर उरलेली विमानं भारतात इतकी स्वस्त मिळाली की ज्याला त्याला विमान कंपनी काढावीशी वाटली. १९५३ साली अशा आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. तिकडं परदेशाच्या वाटेवर ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं होतं, ते कॉन्स्टेलेशन, चार इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर, म्हणजे ७२ सिलिंडर आणि १४४ स्पार्क प्लग. तेही मी उडवून बघितलं, पण त्यात मीटर बघण्यातच जीव जातो, म्हणून डकोटाच बरं.

डकोटाच्या एका इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळी, चाकाच्या आऱ्यांसारख्या गोल मांडलेल्या, ताकद १२०० हॉर्सपॉवर. गोल मांडणीमुळं काही सिलिंडर खाली तोंड करून लटकलेले असतात, इंजिन बंद असताना तेल हळूहळू त्यांच्यात उतरतं, आणि तेल काही हवेसारखं दाबलं जात नाही, तसंच जोरात सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा, म्हणजे प्रॉपेलर, सावकाश फिरवून बघायचा, अडतोय का ते. मग धूर, खोकला, आणि एकेक सिलिंडर जागा होतो. आमचे अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते, मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. ते दारातनंच म्हणाले, "याचा ठोका सारखा पडंना बघ." बरोबर होतं, थंड इंजिन कमी फेऱ्यांवर असलं की सगळे सिलिंडर नीट पेट घेत नाहीत, आवाज अडखळतो. स्पीकर माझे ८०० रुपयांचे, पण कान अण्णांचा.

पंख्याचं गणितही मजेशीर आहे. टेकऑफला इंजिन मिनिटाला २७०० फेरे मारतं, पण पंखा त्याच वेगानं फिरवला तर चालत नाही. पंख्याचा व्यास सुमारे साडेतीन मीटर, २७०० ला त्याचं टोक सेकंदाला ५०० मीटरनं पळेल, आणि आवाजाचा वेग आहे ३४० च्या घरात. त्याच्यापुढं गेलं की टोकाशी धक्कालहरी तयार होतात, ताकद नुसती गोंगाटात जाते, ढकलायला काही उरत नाही. म्हणून मधे गिअर टाकलाय, इंजिनाचे १६ फेरे तर पंख्याचे ९. मग टोक २८० च्या आसपास राहतं. शिवाय पंख्याची पाती आपला कोन बदलतात, उठताना बारीक कोन, वर गेल्यावर मोठा, म्हणजे आपली एसटी घाटात पहिला-दुसरा लावते आणि टेंभुर्णीच्या सपाट रस्त्यावर टॉप टाकते, तसंच. एक्स-प्लेनसारख्या सिम्युलेटरमध्ये पात्याचे आणि पंखांचे छोटे छोटे तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर पडतो ते क्षणाक्षणाला मोजतात आणि बेरीज करतात. म्हणून ४२ डिग्री टाकले की विमान उठायला खरोखर जड जातं, कुणी तसं लिहून ठेवलंय म्हणून नाही.

बरं, मला उडवायची होती ती रात्रीची डाक. १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि १९७३ पर्यंत चालली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीनंतर सगळी नागपूरला सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध नागपूर असल्याचा इतका सरळ उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

भाचा सुट्टीला आलेला, त्याला शेजारी बसवलं. रात्री साडेअकराला सांताक्रूझहून निघालो. नागपूर ६८० किलोमीटर, म्हणजे साधारण ३७० सागरी मैल, डकोटाचा वेग धरा १४५ नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, अडीच तासांची वाट. हरिश्चंद्रगड रस्त्यातच येतो म्हणून ७००० फुटांवर चढलो. "मामा, जीपीएस लावा की," तो म्हणाला. म्हटलं लावायचं नाही, होकायंत्र, घड्याळ आणि कागद, बास.

तास झाला. संभाजीनगरचे दिवे बरोबर पायाखाली यायला पाहिजे होते, आणि ते डावीकडं लांबवर चमकत होते. (खरं तर १९४९ मध्ये एवढे दिवे नसतेच, खेड्यांत तर वीज जवळपास नव्हतीच, सिम्युलेटर मात्र आजची प्रत्येक वाडी उजळून दाखवतं, ती एक फसवणूक मी चालवून घेतो.) नकाशावर मोजलं तर आम्ही रेषेच्या २० सागरी मैल उजवीकडं. विमानाचं नाक बरोबर ठरवलेल्या दिशेला होतं, होकायंत्र खोटं बोलत नव्हतं, पण डाव्या अंगानं २० नॉटचा वारा होता आणि विमान नाकाच्या दिशेनं जात नाही, हवेसकट जातं. उजनीत नाव पलीकडं न्यायची तर पाण्याच्या ओढीला धरून नाक वरच्या अंगाला ठेवावं लागतं, तसंच.

इथं जुने वैमानिक एक सोपा हिशोब वापरायचे, ६० मैल गेल्यावर १ मैल चुकला तर चूक १ अंशाची. आम्ही १४७ मैलांत २० चुकलो, म्हणजे ८ अंश. पुढं उरले २२२ मैल, तेवढ्यात ते २० मैल भरून काढायचे तर आणखी साडेपाच. एकूण साडेतेरा अंश डावीकडं वळवा. भाच्यानं हे वहीच्या मागच्या पानावर केलं, कॅल्क्युलेटर न घेता, आणि मग त्यानंच विचारलं की वळवलंच नसतं तर? काढून बघितलं. नागपूरच्या ९० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे थेट ताडोबा. "वाघाला पत्र," तो म्हणाला आणि हसत सुटला.

कागदाशिवाय मदतीला एक काटा असायचा, एडीएफ म्हणतात. खालच्या रेडिओ स्टेशनची लहर पकडून काटा त्याच्याकडं बोट दाखवतो, आकाशवाणीचं मिडियम वेव्ह स्टेशन लावलं तरी चालतं, म्हणजे गाणीही ऐका आणि वाटही हुडका. पण रात्री हाच काटा डगमगतो. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. लहानपणी रात्री रेडिओवर लांबलांबची स्टेशनं खरखरत लागायची ना, त्याचं कारण हेच. विमानात मग सरळ आलेली लहर आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात आणि काट्याला कळेना होतं कुणीकडं बघू. वळवाचे ढग असले तर आणखी मजा, वीज कडाडली की काटा तिच्याकडंच वळतो, म्हणजे वादळाचाच पत्ता देतो. माझ्या सिम्युलेटरमध्ये काटा फारच शहाण्यासारखा वागतो, हे मला खटकतं. डाकेच्या वैमानिकांना एवढा आज्ञाधारक काटा मिळाला नसणार.

मेहकर गेलं, वर्ध्याचे दिवे उजवीकडं दिसले, आणि दोन वाजता नागपूर समोर. डकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली, आणि वजन मुख्य चाकांच्या मागं, त्यामुळं उतरल्यावर जरा तिरपं झालं की शेपूटच पुढं यायला बघतं, पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पायट्यांवर, नाचवत ठेवावे लागतात. दोनदा उसळलो, तिसऱ्यांदा टेकलो. सोनेगावचा अॅप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, रिकामा, दिल्लीचं नाही, मद्रासचं नाही. भाचा खुर्चीतच मान टाकून झोपलेला, वही मांडीवर.

परतीला वारा उजव्या अंगानं लागणार, आकडे परत मांडायचे होते. तेवढ्यात खालून अण्णांची हाक आली, "उठा रे, नळाला पाणी आलंय!" पाचव्या दिवशी आलेलं पाणी. डकोटा इंजिनं चालू ठेवूनच सोनेगावला सोडलं आणि मोटर लावायला खाली पळालो.