इन्कॉग्निटो लावलं तरी नाव उघडंच

"इन्कॉग्निटोत उघड, कोणाला कळत नाही," असं पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सर्रास ऐकू येतं. हा गैरसमज आहे. ब्राउझरच्या या खासगी मोडमुळे तुमच्या मशीनवर हिस्टरी राहत नाही, इतकंच. गच्चीवरून घरात फायबर ओढून देणाऱ्या कंपनीला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

पुणे विद्यापीठाची साइट उघडायची तर ब्राउझरला आधी तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, लागतो. तो विचारायची पद्धत, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. या चौकशीच्या पॅकेटमध्ये, म्हणजे पाठवायच्या माहितीच्या पुडक्यात, नाव कसं भरतात पाहा: आधी ३ हा आकडा, मग तीन डब्ल्यू, ७, मग 'युनिपुणे'ची सात रोमन अक्षरं, २, 'एसी', २, 'इन', शेवटी ०. टिंबं नाहीतच, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी. किती देखणी रचना! पण सगळं उघडं. शिवाय राउटरमध्ये बहुधा कंपनीचाच डीएनएस सर्व्हर भरलेला असतो, त्यामुळे ही चौकशी थेट तिच्याकडेच जाते.

पुढे एचटीटीपीएस पानावरचा मजकूर आणि पासवर्ड झाकतं. तरी जोडणीच्या पहिल्या निरोपात, 'क्लायंट हेलो'त, साइटचं नाव पुन्हा उघडं जातं. एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट्स नांदतात. कोणाचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवायचं हे सर्व्हरला आधीच कळावं लागतं. एचटीटीपीएस ज्यावर चालतं त्या टीएलएसच्या २०१८ सालच्या १.३ आवृत्तीने सर्टिफिकेट झाकलं, हे नाव मात्र राहिलं. तेही झाकणारं 'एन्क्रिप्टेड क्लायंट हेलो' ब्राउझर आणि साइट दोघांकडे असेल तरच चालतं.

नुसत्या नावांतून काय कळणार? रात्री दोनला कर्करोग रुग्णालय, पाठोपाठ कर्जाचं ॲप, सकाळी नोकरीची साइट. एकही पान न वाचता घरात काय चाललंय ते कळतं.

अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला दुसऱ्या सर्व्हरचं नाव भरलं तर निदान पहिली चौकशी झाकली जाते. तुमची सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमार्गे वळवणाऱ्या व्हीपीएनच्या 'पूर्ण अदृश्य व्हा' छाप जाहिरातींना भुलू नका. तीच यादी मग व्हीपीएन कंपनीकडे जमू शकते.

गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. परवान्याच्या अटींनुसार इंटरनेट कंपन्यांना आयपी वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्या जाहिरातींसाठी वापरायच्या तर ग्राहकाची वेगळी संमती हवीच, असं माझं मत. अमेरिकेत २०१६ साली तसा नियम झाला होता, पण तिथल्या संसदेने तो २०१७ मध्ये मोडीत काढला. नवं कनेक्शन घेताना फॉर्मवर सही करण्याआधी संमतीचं कलम शोधा, आणि सापडलं नाही तर विचारा.